प्याद्याचें धाडस

बुद्धिबळाच्या डावाचें परीक्षण वाङ्मयीन मासिकांत कशाला, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. परंतु ज्या रचनेस आरंभ, विकास व शेवट आहे आणि जींत दोन मनांचा संघर्ष प्रकट होतो, ती टीकाकारानें परकी मानण्याचें कारण नाहीं.

जगज्जेत्याचा आव्हानवीर निवडण्यासाठीं टोरांटो येथें भरलेल्या स्पर्धेंत ६ एप्रिल २०२४ रोजीं नाशिकचे श्री. विदित गुजराथी व चेन्नईचे श्री. प्रज्ञानंद यांच्यांत झालेला डाव मी नुकताच अलिबागेस ओटीवर पट मांडून पुनः खेळून पाहिला. आदल्याच दिवशीं विदितांनीं ४७ डाव अपराजित राहिलेल्या नाकामुरास हरविलें होतें. तेव्हां माझ्या मराठी मनाचा कल कोणीकडे होता, हें सांगावयास नको.

पांढरीं मोहरीं विदितांचीं. तिसऱ्या खेळीस त्यांनीं उंट काढून घोड्यावर रोख धरला. त्याची पर्वा न करतां प्रज्ञानंदांनीं राजाच्या उंटापुढील प्यादें एकदम दोन घरें लोटलें! आमच्या जुन्या देशी खेळांत प्यादें पहिल्या चालीसही एकच घर सरके. त्या वळणाच्या माणसास ही खेळी उद्धटच वाटेल. तिनें मध्यावर तत्काळ आघात होतो व हत्तीस पुढें वाट मिळते. पण स्वतःच्या राजाचें कवाडही किलकिलें होतें. रशियन पंडित यानिश यानें १८४७ सालीं तिचें विवेचन केलें. तेव्हांपासून ती धाडसी, परंतु संशयास्पद गणली गेली आहे.

कोणी म्हणेल, ही खेळी पटावर स्फुरलेली नव्हे, घरीं यंत्राच्या साहाय्यानें घोटलेली. मग तींत धाडस तें कोणतें? हा आक्षेप मला पटत नाहीं. मम्मटानें शक्ति, निपुणता व अभ्यास हे काव्याचे तीन स्वतंत्र हेतु न मानतां तिहींचा मिळून एकच हेतु मानिला आहे. येथेंही तसेंच. यंत्राच्या मतें तर ही चाल पांढऱ्यासच किंचित् अनुकूल आहे. तरीही ती अशा प्रसंगीं खेळावी, हा निर्णय मनुष्याचा. शिवाय पाठांतर केव्हांतरी संपतें. त्यापुढील डाव स्वतःच्या बळावर जिंकावा लागतो. प्रज्ञानंदांनीं तो जिंकला.

स्पर्धा अखेर गुकेश यांनीं जिंकली. या डावानें दोघांपैकीं कोणासही विजेतेपद दिलें नाहीं. पण कृतीचें मोल कर्त्याच्या पदव्यांवरून किंवा त्याच्या गांवावरून ठरत नसतें. आपला माणूस हरला असतांहि डाव सुंदर होता, असें म्हणण्यास लागणारें धाडस आमच्या टीकेच्या अंगीं कधीं येणार?