‘सर्व्हर डाउन आहे’ या वाक्यावर काही आक्षेप

मंडळी, आजचा विषय यंत्रांचा आहे, पण मी त्याच्याकडे एका वाक्यावरून जाणार आहे. तलाठी कार्यालयात, रेशन दुकानात, विद्यापीठाच्या खिडकीवर आपण सगळ्यांनी ऐकलेलं वाक्य: ‘सर्व्हर डाउन आहे.’ व्याकरणाने पाहिलं तर कर्ता सर्व्हर. पाऊस पडतो, तसा सर्व्हर पडतो. एकदा गोष्ट अशी निसर्गाच्या खात्यात टाकली, की जाब कोणाला विचारायचा? माझा आक्षेप तिथेच आहे. कारण सर्व्हर पडण्याच्या बऱ्याच आधी कोणीतरी काहीतरी ठरवलेलं असतं, किंवा ठरवायचं टाळलेलं असतं.

मुंबई विद्यापीठाचं २०१७ साल आठवा. सतरा लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका, ४७७ परीक्षा, आणि त्याच उन्हाळ्यात निर्णय झाला की सगळं मूल्यमापन संगणकाच्या पडद्यावर करायचं. परीक्षा सुरू झाल्यानंतर काम सोपवलं गेलं. उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, त्या योग्य विषयाच्या परीक्षकाकडे पोचायच्या, परीक्षकाला लॉगिन जमायचं. साखळी लांब होती, आणि एकेक कडी आधी ताणून बघायला वेळच ठेवलेला नव्हता. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, काही निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले, ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं. त्या काळातही ‘सर्व्हर’ हा शब्द फार ऐकू आला. पण एका छोट्या शाखेवर एक वर्ष प्रयोग करून मग पुढे जाऊ, हे न ठरवणं यात कुठला सर्व्हर आला? परदेशात किंवा दुसऱ्या विद्यापीठात प्रवेश घ्यायचा होता त्या मुलांनी मात्र किंमत मोजली.

आता निविदांमधली भाषा बघा. ‘सेवा ९९.९ टक्के वेळ उपलब्ध राहील.’ ऐकायला छान. हिशेब केला तर वर्षात पावणेनऊ तास बंद राहायची मुभा. ते तास रविवारी पहाटे आले तर कोणाला कळणारही नाही. निकालाच्या दिवशी सकाळी दहा वाजता आले तर? टक्केवारी तीच राहते! सरासरी ही सेवा देणाऱ्याची सोय असते. खिडकीवर उभ्या माणसाला सरासरी भेटत नाही, त्याला तो एक दिवस भेटतो.

‘पण आमच्याकडे दोन सर्व्हर आहेत,’ असं उत्तर येतं. इथे मला आपलं न्यायशास्त्र उपयोगी पडतं. ‘जिथे अग्नी तिथे धूर’ ही व्याप्ती नैयायिक मान्य करत नाहीत. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर व्हायला इंधन ओलं लागतं. ती लपलेली अट म्हणजे उपाधी. ‘जिथे दोन सर्व्हर तिथे सुरक्षितता’ यातही उपाधी लपली आहे: दोघांच्या बंद पडण्याची कारणं वेगळी हवीत. एकाच इमारतीत, एकाच वीजजोडणीवर, एकाच पासवर्डाखाली ठेवलेले दोन सर्व्हर संकटाच्या दृष्टीने एकच. आपल्या नाशिकात गोदेला पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर चढलं ते लोक बघतात. घराची कागदपत्रं नदीकाठच्या तळघरात आणि त्यांच्या प्रती शेजारच्या तळघरात, असं कोणी शहाणा नाशिककर करेल का?

दक्षिण कोरियासारख्या प्रगत देशात हे झालं. २६ सप्टेंबर २०२५ ला देजॉनच्या सरकारी डेटा केंद्रात बॅटऱ्या हलवताना आग लागली. ७०९ शासकीय यंत्रणा थांबल्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली ठेवायची ८५८ टेराबाइटांची साठवण जळाली, आणि तिची प्रत बाहेर कुठेच नव्हती. कारण काय दिलं गेलं? साठा फार मोठा होता!

सुरक्षेचंही तसंच. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि साधारण दोन आठवडे नोंदणी, दाखले, तपासण्या कागदावर चालल्या. नेटवर्कचे भाग नीट वेगळे केलेले नव्हते, असं सरकारने संसदेत सांगितलं. जुन्या वाड्यात दिंडी दरवाजा असतो, पण आतल्या प्रत्येक खोलीलाही कडी असते. तरी एम्सकडे एक जमेची बाजू होती: कागदावर रुग्णालय चालवणं माहीत असलेली माणसं अजून तिथे होती. आणखी वीस वर्षांनी असतील का, मला शंका आहे.

आपल्या शहरात मुक्त विद्यापीठ आहे, आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. दोन्हींचे विद्यार्थी राज्यभर पसरलेले. अशा कुठल्याही संस्थेच्या बैठकीत बसायची वेळ आली तर किती सर्व्हर घेतले हे शेवटी विचारा. आधी विचारा: दुसरी प्रत कोणत्या गावात आहे? त्या प्रतीवरून सगळं पुन्हा उभं करून शेवटचं कधी पाहिलं, तारीख सांगा. रात्री दोन वाजता यंत्रणा बंद करायचा निर्णय कोण घेणार, त्याचं नाव काय? पदनाम नको, नाव हवं. आणि तो रजेवर असेल तर दुसरं नाव. मी हे विचारलं की बहुधा समिती नेमू असं उत्तर मिळतं. समिती रात्री दोन वाजता फोन उचलत नाही.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.