मिथिलेच्या स्त्रियांची चित्रकला : परंपरा आणि प्रतिभा

लोककलेविषयीं बोलतांना आपल्यांतील सुशिक्षित मनुष्य बहुधा दोनच विशेषणें वापरतो : 'निरागस' आणि 'परंपरागत'. ऐकतांना तीं स्तुतिपर वाटतात; परंतु टीकाकारानें आपल्या कर्तव्यांतून सुटण्याकरितां शोधलेल्या त्या दोन पळवाटा आहेत. एखाद्या कवीचा संग्रह हातीं आला म्हणजे त्यानें पूर्वसूरींपासून काय घेतलें, घेतलेल्यांत काय बदललें, आणि तो बदल त्याला कां करावासा वाटला, हे तीन प्रश्न आपण विचारतोंच. चित्र काढणारी खेड्यांतील स्त्री असली म्हणजे मात्र हे प्रश्न आपल्याला सुचत नाहींत. जणू परंपराच तिच्याकडून चित्र काढवून घेते, आणि ती बिचारी केवळ हात पुढें करते! हा समज किती अन्यायाचा आहे, हें मिथिलेंतील कांहीं स्त्रियांच्या कामाकडे पाहून ठरवावें, असा या लेखाचा हेतु आहे.

मिथिला म्हणजे उत्तर बिहारचा व लगतच्या नेपाळी तराईचा प्रदेश. तेथील ब्राह्मण व कायस्थ कुटुंबांत लग्न झाल्यावर वधूवर पहिल्या रात्रीं ज्या खोलींत घालवितात, तिला 'कोहबर घर' म्हणतात. तिच्या भिंतीवर घरांतील जाणत्या स्त्रिया कमळें, वेळू, मासे, कांसव, पोपट, सूर्यचंद्र आणि कोपऱ्यांत नैनाजोगिन काढतात. आपल्याकडे चैत्रांत अंगणांत चैत्रांगण रेखाटणारी आजी ज्यांनीं पाहिली असेल, त्यांना या रीतीचा स्वभाव निराळा समजावून देण्याचें कारण नाहीं. तेथें चित्राला स्वतंत्र अस्तित्व नसतें. तें मंगलकार्याचें एक अंग असतें. कार्य आटोपलें कीं पुढेंमागें भिंत पुन्हां सारवली जाते, चित्र नाहींसें होतें, आणि त्याबद्दल कोणी हळहळत नाहीं.

१९३४ च्या भूकंपांत भिंती कोसळल्या, तेव्हां मधुबनी येथील इंग्रज अधिकारी विल्यम आर्चर यांच्या दृष्टीस घरांच्या आंतील हीं चित्रें पडलीं. १९४९ मध्यें मुंबईच्या 'मार्ग' नियतकालिकांत त्यांनीं त्यांवर लेख लिहिला. पुढें १९६६-६७ च्या दुष्काळांत अखिल भारतीय हस्तव्यवसाय मंडळाच्या पुपुल जयकर यांनीं मुंबईचे चित्रकार भास्कर कुळकर्णी यांना मधुबनीस धाडलें. भिंतीवर जें काढतां तें कागदावर काढा, म्हणजे विकून चार पैसे मिळतील, एवढाच साधा संदेश घेऊन ते गेले होते. परंतु कागद ही गोष्ट साधी नव्हे. त्याला चार कडा असतात, तो उंबरठ्याबाहेर जातो, आणि त्याच्या कोपऱ्यांत काढणारीला आपलें नांव घालतां येतें. भिंतीवर ज्या आकृतींची जागा विधीनें नेमून दिली होती, त्या आतां कोठें मांडावयाच्या आणि कोणत्या गाळावयाच्या, हें तिलाच ठरवावें लागलें. दुष्काळाच्या मदतीबरोबर या स्त्रियांच्या पदरांत निवडीचें स्वातंत्र्यहि येऊन पडलें.

त्याचा सर्वांत खोल उपयोग गंगादेवी (१९२८-१९९१) यांनीं केला. कायस्थ घरांतील असल्यामुळें 'कचनी' म्हणजे बारीक रेघांची शैली त्यांना वारशानें मिळाली होती. अपत्यसुख लाभलें नाहीं, पतीनें दुसरें लग्न केलें; अशा स्थितींत चित्रांवर त्यांनीं आपला चरितार्थ उभा केला. १९८४ मध्यें त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची 'मानवजीवन' ही चित्रमाला गर्भारपणापासून पुढें मिथिलेंतील आयुष्याचे संस्कार एकामागून एक मांडीत जाते. कोहबरांतील कमळें आणि वेळू हीं वंशवृद्धीचीं चिन्हें आहेत. भिंतीवर असतात तेव्हां तीं नववधूला दिलेला आशीर्वाद असतात. गंगादेवींनीं त्या आशीर्वादाचें कथन केलें. जें सुख स्वतःला मिळालें नाहीं, तें त्यांनीं न थरथरणाऱ्या रेघेनें, तपशिलांत कोठेंहि चुकारपणा न करितां काढलें आहे. चित्रांत आक्रोश नाहीं. तरीहि आशीर्वाद आणि कथन यांमध्यें जें अंतर आहे, तेंच त्यांच्या दुःखाचें माप आहे, असें मला वाटतें. याला निरागसता म्हणणें म्हणजे चित्र न पाहणें होय.

१९८५ च्या भारत महोत्सवाच्या निमित्तानें त्या अमेरिकेस गेल्या. वॉशिंग्टनचा उंच स्मारकस्तंभ आणि तेथील जत्रेंतला, पोटांत गोळा आणणारा रोलर कोस्टर त्यांनीं कागदावर उतरविला. येथें तरी परंपरा अडखळेल, असें वाचकांस वाटेल. परंतु वेलीचीं वळणें काढण्यांत मुरलेल्या हाताला लोखंडी रुळांचीं वळणें परकीं वाटलीं नाहींत. पुढें त्यांना कर्करोगानें ग्रासलें. दिल्लींत चाललेल्या उपचारांचा अनुभवहि त्यांनीं एका चित्रमालेंत मांडला. मंगलकार्याच्या भिंतीवर रोगाला आणि रुग्णालयाच्या खाटेला जागा असणें शक्यच नव्हतें. ती जागा त्यांनीं कागदावर केली, आणि तीहि आजीपणजीनें शिकविलेल्या त्याच रेघेनें.

जितवारपूरच्या बौआदेवी यांचा मार्ग निराळा आहे. मिथिलेंत नवविवाहितेच्या पहिल्या श्रावणांत 'मधुश्रावणी'चें व्रत असतें, आणि त्यांत बायका नागांच्या व बिसहरा देवीच्या कथा सांगतात. आपल्या घरांतून श्रावणांत वाचल्या जाणाऱ्या कहाण्या येथें सहज आठवतील. व्रतकथेंत नाग हें बहुधा भयाचें आणि आराधनेचें स्थान असतें; ऐकणारीचें लक्ष आपल्या सौभाग्याकडे लागलेलें असतें. बौआदेवींनीं कथेचा पसारा बाजूस सारून अर्धी स्त्री व अर्धी नागीण अशी नागकन्या कागदभर उभी केली. फलश्रुति गेली, भय गेलें. उरली ती आपल्याकडे रोखून पाहणारी एक शक्ति. पॅरिस येथील १९८९ च्या मोठ्या जागतिक कलाप्रदर्शनांत त्यांचीं चित्रें होतीं, आणि २०१७ मध्यें त्यांना पद्मश्री मिळाली.

या दोघींना निदान कोहबराचा वारसा होता. दुसाध या दलित समाजांतील चानोदेवी यांना तोहि नव्हता. त्यांच्या समाजांतील बायकांजवळ चित्र म्हणून होतें तें अंगावरचें गोंदण, आणि कथा म्हणून होती ती आपला लोकनायक राजा सलहेस याची. चानोदेवींनीं हीं दोन्ही एकत्र आणून गोंदणाच्या छोट्या आकृतींच्या ओळींतून सलहेसाची कथा मांडली. येथें परंपरेचें जतन झालें, असें म्हणणें अपुरें आहे. ज्या वर्गाला भिंत मिळाली नव्हती, त्यानें आपल्या कातडीवरील अक्षरांनीं आपलें पुराण लिहिलें, असें म्हटलें पाहिजे. मल्लाह समाजांतील दुलारीदेवी चित्रकर्त्रींच्याच घरीं धुण्याभांड्याचें काम करीत ही कला शिकल्या, आणि २०२१ मध्यें पद्मश्रीच्या मानकरी झाल्या. 'परंपरा' या एका शब्दाखालीं किती निरनिराळे वारसे आपण झांकून टाकतों, हें यावरून ध्यानांत यावें.

या प्रांतांत सर्वच सोनें आहे, असें मात्र मीं म्हणत नाहीं. बाजारांत विकल्या जाणाऱ्या मधुबनी चित्रांपैकीं पुष्कळशीं केवळ मागणीप्रमाणें केलेली पुनरावृत्ति असते. मोर, मासे आणि राधाकृष्ण यांच्या जोड्या चहाच्या तबकांवर व पिशव्यांवर दाटीवाटीनें बसलेल्या दिसतात. त्यांना सामान्य म्हणण्याचें धैर्य आपण दाखविलें, तरच गंगादेवींना श्रेष्ठ म्हणण्याला कांहीं अर्थ राहील. सरसकट कौतुक हा तर सरसकट उपेक्षेचाच सभ्य प्रकार होय.

याच्या जोडीला महाराष्ट्रांतील एक उदाहरण विचार करण्याजोगें आहे. आपल्या वारली समाजांत लग्नाचा चौक लिहिण्याचा अधिकार सवासिनींचा. भास्कर कुळकर्णी तेथेंहि गेले. परंतु तेथें कागदावरील चित्रानें ज्यांचें नांव जगभर झालें, ते जिव्या सोमा मशे (निधन २०१८) पुरुष होते. त्यांच्या थोर प्रतिभेला यांत तिळमात्र उणेपणा नाहीं. परंतु चौक लिहिणाऱ्या त्या सवासिनींपैकीं एकीचें तरी नांव आपल्याला ठाऊक आहे काय? विधि स्त्रीचा आणि स्वाक्षरी पुरुषाची, असें जेथें घडतें, तेथें मिथिलेच्या स्त्रियांनीं स्वाक्षरी आपल्याकडे राखली, ही गोष्ट लहान नव्हे.

अखेरीस एका दुःखद घटनेचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. आजारपणाच्या त्या अखेरच्या काळांत, उपचार चालू असतां, गंगादेवींनीं दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयांत एक संपूर्ण कोहबर घर रंगविलें होतें. २०१५ मध्यें, संग्रहालयाच्या नूतनीकरणाच्या वेळीं, तें नाहींसें झालें. कोणी म्हणेल, कोहबर पुसून जावयाचाच असतो. खरें आहे, गांवांतील भिंत पुसली तरी पुढील लग्नांत घरांतील दुसरी स्त्री ती पुन्हां लिहिते. पण मरणाच्या छायेंत बसून एका विशिष्ट स्त्रीनें लिहिलेली भिंत दुसरें कोणी लिहूं शकत नाहीं. भिंतीवरची नक्षी आणि एका प्रतिभावंताची कृति यांतील हा भेद आपल्या मनांत स्पष्ट असता, तर त्या भिंतीवर हात उचलण्यापूर्वीं कोणीतरी खचित थांबलें असतें. तो भेद लोकांच्या मनांत रुजविणें हें टीकाकाराचें काम होतें. आणि त्यांत आपण सारेच कमी पडलों, हें कबूल करावें लागतें.