सूत्रधार आणि प्रेक्षक : ब्रूनरकृत मसाई-पर्यटनाची मीमांसा

मानववंशशास्त्राने पर्यटनाचा विचार दीर्घकाळ टाळला. ज्या वाटेने संशोधक जातो त्याच वाटेने त्याच्यामागून प्रवासीही येतो, आणि दोघांची उत्सुकता अगदीच भिन्न जातीची नसते, ही गोष्ट शास्त्राला अडचणीची वाटत असावी. एडवर्ड ब्रूनर व बार्बरा किर्शेनब्लाट-गिम्ब्लेट यांनी केनियातील मसाई लोकांच्या प्रयोगांवर १९९४ मध्ये लिहिलेला निबंध आणि त्याच विषयाचा विस्तार करणारा ब्रूनर यांचा २००१ मधील लेख यांनी ही अडचण धीटपणे बाजूस सारली. या दोन लेखांची योग्यता मान्य करूनही त्यांच्या प्रतिपादनाची मर्यादा कोठे येते, हे पाहणे अगत्याचे आहे.

ब्रूनर यांच्यासमोर तीन स्थळे आहेत. पहिले, रिफ्ट दरीतील मेयर्स कुटुंबाचे कुरण. गुरांच्या धंद्याला जोड म्हणून या इंग्रज कुटुंबाने १९६८ पासून तेथे मसाई योद्ध्यांची नृत्ये दाखविण्यास आरंभ केला. धुळीने भरलेल्या वस्तीत नृत्य पाहून झाले की प्रवासी घराच्या हिरवळीवर चहासाठी जात. लेखकद्वयाने १९८४ मध्ये हा प्रयोग पाहिला; पुढे शासनाने तो बंद केला. दुसरे स्थळ नैरोबीनजीकचे ‘बोमास ऑफ केनिया’. ही शासकीय संस्था. येथे एका जमातीचे नृत्य दुसऱ्या जमातीचे व्यावसायिक नर्तक बंदिस्त नाट्यगृहात करतात, आणि प्रेक्षकांत नगरवासी केनियनांचा भरणा मोठा असतो. तिसरे, मसाई मारा येथील किच्वा टेम्बो या तंबूंच्या निवासातील सायंकाळचा मेळावा. तेथे मसाई तरुण प्रवाशांत मिसळतात आणि ‘हाकुना मटाटा’ हे गाणे म्हणतात. म्हणजे माआ ही ज्यांची भाषा, ते लोक १९९४ च्या अमेरिकन चित्रपटाने जगभर नेलेला स्वाहिली वाक्प्रचार अमेरिकन प्रवाशांनाच परत ऐकवितात. ब्रूनर यांच्या मते पहिले स्थळ वासाहतिक, दुसरे राष्ट्रीय आणि तिसरे आधुनिकोत्तर मनोवृत्तीचे होय.

या मांडणीतील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे ‘अस्सलपणा’च्या प्रश्नाला दिलेली बगल. डीन मॅकॅनेल यांनी १९७३ मध्ये, गॉफमन यांच्या रंगमंच व नेपथ्य या भेदाच्या आधारे, प्रवाशाला जे खरे म्हणून दाखविले जाते तेही मांडलेलेच असते, असे दाखविले होते. त्या सिद्धान्तात कोठेतरी पडद्याआड खरा मसाई आहे, हे गृहीत राहतेच. ब्रूनर तो पडदाच नाकारतात. प्रयोग करणारा मसाई हाही मसाईच. त्याचे वेतन, त्याची विक्री, त्याने प्रयोगापुरते दूर ठेवलेले मनगटी घड्याळ हे सारे त्याच्या आजच्या जीवनाचे अंग आहे.

भारतीय नाट्यशास्त्राच्या परिभाषेत हा भेद अधिक नेमका सांगता येतो. भरताने लोकधर्मी व नाट्यधर्मी असे प्रयोगाचे दोन धर्म मानले. बोमासचे नृत्य उघडपणे नाट्यधर्मी आहे. तेथे कोणी फसत नाही, कोणाला फसवावयाचेही नसते. मेयर्स यांच्या कुरणावरील प्रयोग मात्र नाट्यधर्मी असून लोकधर्मी असल्याची बतावणी करीत होता. ब्रूनर ज्याला ‘पर्यटकी वास्तववाद’ म्हणतात तो हाच. किच्वा टेम्बो येथे बतावणी संपून खेळीमेळी सुरू होते. तथापि या खेळीमेळीत कोण कोणाशी खेळतो, या प्रश्नाला लेखाचे उत्तर फार सैल आहे. प्रवासी सर्वस्वी भोळा नसून ‘प्रश्नार्थक दृष्टी’ने पाहतो, हे ब्रूनर यांचे निरीक्षण मार्मिक खरे; परंतु प्रश्न पडला म्हणजे उत्तर मिळाले असे होत नाही. प्रवाशाला मसाईंची भाषा येत नाही. त्याचा प्रश्न मार्गदर्शकाकडे जातो.

आणि मार्गदर्शक हेच या मीमांसेतील उपेक्षित पात्र होय. संस्कृत नाटकात सूत्रधार प्रस्तावना करून निघून जातो; येथील सूत्रधार अखेरपर्यंत रंगमंचावरच असतो. कोठे थांबावयाचे, कशाचे छायाचित्र घ्यावयाचे, कोणत्या कृतीला कोणता अर्थ द्यावयाचा, हे तोच ठरवितो. माराच्या परिसरातील मसाई वस्त्या प्रवेशमूल्य घेऊन पाहुण्यांना आत घेतात. त्या मूल्याचा मोठा वाटा प्रसंगी वाहनचालक-मार्गदर्शकाच्या हाती राहतो, ही तक्रार संशोधकांनी नोंदविलेली आहे. अर्थाचा व्यवहार आणि पैशाचा व्यवहार एकाच हातून होतो, याकडे ब्रूनर यांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. सिंह मारल्यावाचून मसाई तरुणाला प्रतिष्ठा नाही, असे मार्गदर्शक वर्तमानकाळात सांगतो. केनियात शिकारीवर १९७७ पासून बंदी आहे, हे त्या वाक्यात बसत नाही. योहानेस फेबियन यांनी १९८३ मध्ये मानववंशशास्त्राच्या अशाच वर्तमानकाळाचे दोषदिग्दर्शन केले होते. शास्त्राने सोडू पाहिलेला तो काळ मार्गदर्शकाने उचलला आणि त्याच्याकडून तो प्रवासवर्णनात आला. मराठी प्रवासवर्णनांच्या अभ्यासकानेही पूर्व आफ्रिकेविषयीची पृष्ठे वाचताना, ‘हे लोक असे करतात’ हे वाक्य मुळात कोणाचे, हे विचारून पाहावे. पुष्कळदा ते लेखकाचे नसते.

तुलनेसाठी डेव्हिड टर्टन यांचा इथिओपियातील मुर्सी लोकांवरील २००४ चा लेख घ्यावा. मुर्सी स्त्रियांच्या ओठांतील चकत्या पाहण्यास येणारे प्रवासी छायाचित्रागणिक पैसे मोजतात आणि थोड्याच वेळात निघून जातात. टर्टन यांचा मुर्सींशी परिचय कित्येक दशकांचा. त्यांनी प्रश्न उलटा केला : छायाचित्रे काढणारी ही माणसे मुर्सींना कशी दिसतात? लेख आटोपशीर आहे, सिद्धान्ताचा डौल त्यात नाही. पण दुभाष्या मधून निघाल्याबरोबर केवढा फरक पडतो, हे त्यात दिसते.

ब्रूनर यांच्या लेखांत आणखी एक गोष्ट निसटते, ती जमीन. प्रयोग हीच संहिता मानली की ज्या भूमीवर प्रयोग होतो ती केवळ नेपथ्य ठरते. १९०४ च्या करारान्वये ब्रिटिशांनी मसाईंना रिफ्ट दरीच्या मोठ्या भागातून हलवून दोन राखीव प्रदेशांत ठेवले. १९११ च्या दुसऱ्या कराराने उत्तरेकडील लाइकिपियाचा प्रदेशही त्यांच्याकडून गेला. मसाई न्यायालयात गेले. १९१३ मध्ये त्यांचा दावा फेटाळला गेला, तो असे कारण देऊन की मसाई हे ब्रिटिश प्रजाजन नसून परकीय सत्ता आहेत आणि तिच्याशी झालेला करार न्यायालयाच्या कक्षेबाहेरचा आहे. दाव्याच्या वेळी जे स्वतंत्र सत्ता ठरले, त्यांचेच वंशज पुढे त्याच दरीत गोऱ्या मालकाच्या कुरणावर वेतन घेऊन योद्ध्याची भूमिका करीत होते. हिरवळीवरील चहाचे विवेचन ब्रूनर व किर्शेनब्लाट-गिम्ब्लेट यांनी बारकाईने केले आहे. ती हिरवळ मेयर्स यांच्याकडे कशी आली, हा मात्र त्यांच्या विवेचनाचा गाभा होऊ शकला नाही.