खेळाला चाल लावताना

लातूर-बार्शी रस्त्यावरच्या मुरुडात मोबाइलवर गेम खेळणाऱ्या पोरांना गेमच्या संगीताबद्दल विचारले, तर बहुतेकांचे उत्तर एकच येईल : ते आधी बंद करायचे. बीजीएमआयसारख्या नेमबाजीच्या खेळात इअरफोन लागतो तो शत्रूच्या पावलांचा कानोसा घ्यायला. सूर तिथे अडचणच करतात. नवी मुंबईत तयार झालेल्या लुडो किंगमध्ये फाशाचा खुळखुळाट पुरतो. याच पोरांपैकी काही जण संध्याकाळी पेटी-तबल्याच्या क्लासला जातात, गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देतात, प्रवेशिका ओलांडून मध्यमापर्यंत पोहोचतात. थाट, वादी-संवादी, दुगुन-चौगुन, तिहाई एवढे शास्त्र त्यांच्याजवळ असते. एवढ्या शिदोरीवर गेमला चाल लावता येते का, आणि ज्यांनी आजवर लावली त्यांनी या शास्त्राचे काय केले, हे तपासण्यासारखे आहे.

गेम-संगीताची मूळ अडचण आधी पाहू. चित्रपटाचा पार्श्वसंगीतकार दृश्याचे सेकंद मोजून लिहितो. गेममध्ये तोच पूल एक खेळाडू वीस सेकंदांत ओलांडतो, दुसरा तिथेच अर्धा तास अडकतो. संगीताने दोघांनाही पुरायचे, कंटाळा येऊ द्यायचा नाही आणि प्रसंग पालटला की त्याच क्षणी वळायचे. १९७८च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये फक्त चार उतरते खर्जाचे सूर होते, परग्रहवासी जवळ आले की त्यांची लय वाढायची. १९८५च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये वेळ संपत आली की कोजी कोंडोंची धून पळू लागते. १९९१मध्ये ‘मंकी आयलंड २’साठी मायकेल लँड आणि पीटर मॅकॉनेल यांनी आयम्यूझ ही प्रणाली वापरली. पात्र एका जागेतून दुसऱ्या जागेत गेले की सुरावट न तुटता नव्या वळणाला लागायची. आज एफमॉड आणि वाइज ही सॉफ्टवेअरे हेच काम करतात. एकावर एक थर चढवायचे-उतरवायचे, किंवा छोटे तुकडे प्रसंगानुसार जोडत न्यायचे.

यातले तत्त्व आपल्याला परके नाही. औशाचे चक्रीभजन ऐकलेल्याला ते सांगावेही लागणार नाही. चरण किती वेळा घोळवायचा हे आधी ठरलेले नसते. रंग भरत गेला की मृदंग लय चढवतो, टाळ त्याला बिलगतात आणि उतरायचे कधी हे त्या जागीच ठरते. लांबी न ठरवता बांधलेले आणि तरीही आकार न सुटणारे असे हे संगीत आहे. गेमला नेमके हेच लागते.

पण आपल्या गेमांमध्ये ते कितपत उतरले आहे? महाराष्ट्रातले सर्वांत ठळक उदाहरण पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचे : ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ (२०२०). भावाला सोडवायला निघालेल्या मुलीची ही कथा, दुर्गा आणि विष्णू यांच्या निवेदनातून सांगितलेली. द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी या गेमला नामांकन मिळाले. संगीत आहे ग्रीक संगीतकार लिनोस त्झेलोस यांचे; ते तारहू हे तंतुवाद्य वाजवतात. परदेशी संगीतकार का घेतला, असली तक्रार पोकळ आहे. त्यांच्या कामात एक सलग वाद्यरंग आहे, आणि तो सितार-तबल्याच्या तयार नमुन्यांचा मसाला भुरभुरवणाऱ्या कामांहून पुष्कळ वरचा आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. तिथे रागाचे वातावरण मिळते, रागाची बढत मिळत नाही. लढाई पेटते तेव्हा ताल आणि आवाज वाढतात, पण सुरांनी एक पायरी वर चढावे असे क्वचितच जाणवते. आलाप-जोड-झाला हा ताण चढवण्याचा आयता नकाशा आपल्याकडे असताना तो बाजूला राहतो.

टोरांटोच्या विसाई गेम्सचा ‘वेन्बा’ (२०२३) मला वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. कॅनडातल्या तमिळ कुटुंबाच्या या गोष्टीत स्वयंपाकाबरोबर वेगवेगळ्या काळांतल्या तमिळ चित्रसंगीताच्या धाटणीची गाणी येतात. संगीत तिथे कथेचा काळ सांगते. मराठीत भावगीत, लावणी, नाट्यगीत अशा इतक्या ओळखू येणाऱ्या धाटण्या आहेत. त्यांना असे कामाला लावणारा गेम अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही.

आता मध्यमाच्या शिदोरीकडे वळू. भूप घ्या : सा रे ग प ध. बासरीचा एक थर याच पाच सुरांत बांधला आणि खाली षड्जाचा तंबोरा ठेवला, तर मोकळे रान उभे राहते. खेळाडू गुहेत शिरला की बासरीला हात न लावता फक्त तंबोऱ्याची फाइल बदलायची आणि आधार गंधारावर न्यायचा. तेच सूर आता सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी असे ऐकू येतात, म्हणजे मालकंसाचे. आधार पंचमावर नेला तर दुर्गा, धैवतावर नेला तर धानी. मूर्च्छनाभेदाचा हा हिशेब विद्यार्थी परीक्षेत कागदावर मांडतो. गेममध्ये त्यातून एका ध्वनिमुद्रणात चार मुलूख निघतात. अर्थात मालकंसाचे चलन त्या बासरीत नसेल, तर उरते ती नुसती सुरांची यादी. म्हणून बासरीच्या ओळी अशा बांधाव्या लागतात की त्यांचे विसावे दोन्ही आधारांवर शोभतील. शास्त्र संपून रचना सुरू होते ती इथे.

दुसरे उदाहरण तिहाईचे. राक्षस पडला की विजयाचा ठोका समेवरच यायला हवा. पण खेळाडू त्याला कितव्या मात्रेला पाडेल, कुणास ठाऊक. तीनतालात तीन मात्रांचा एकच बोल घ्या. नवव्या मात्रेपासून तो तीनदा सलग वाजवला की शेवटचा ठोका समेवर पडतो. पाचवीपासून निघायचे तर दोन बोलांमध्ये दोन-दोन मात्रांचा दम ठेवायचा. पहिलीपासून निघालो तर चार-चार मात्रांचा. तेरावीपासून निघायचे तर तोच बोल दुगुनीत, सलग. चार विभागांसाठी चार तिहाया तयार झाल्या. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर पुढच्या विभागाची वाट जास्तीत जास्त दोन सेकंद पाहावी लागते, आणि सम मात्र कधीच चुकत नाही. सॉफ्टवेअरला विभागाच्या हद्दी सांगून ठेवल्या की बाकीचे ते पाहते. गणित तबल्याच्या वहीतलेच आहे.

जिथे हे शास्त्र तोकडे पडते, तेही सांगायला हवे. पहिली उणीव स्वरसंवादाची, म्हणजे कॉर्डची. मारिओची पातळी संपल्यावरची किंवा ‘फायनल फँटसी’तली विजयाची धून ऐका. कोमल धैवतावरचा, कोमल निषादावरचा आणि मग षड्जावरचा, असे तीन मेजर कॉर्ड ओळीने चढतात. आपल्या भाषेत सांगायचे तर पहिले दोन आसावरी थाटातून उचललेले आणि तिसरा शुद्ध गंधार घेऊन थेट बिलावलच्या उजेडात आलेला. दोन थाटांची ही सरमिसळ रागाच्या शिस्तीत बसत नाही, म्हणून अभ्यासक्रमात तिला जागा नाही. पण पेटीवर बोटे बसलेल्या मुलाला ती शिकायला फार वेळ लागणार नाही. थाट माहीत असला की निम्मे काम झालेले असते.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. रागाला पुनरुक्तीचे वावडे नाही, पण हुबेहूब पुनरुक्तीचे आहे. तीच मींड, तशीच, दर नव्वद सेकंदांनी आली की चौथ्या खेपेला ती खोटी वाटू लागते. भीमपलासीचा सुंदर आलाप मुद्रित करून चक्रात फिरवणे हा आपल्या भारतीय विषयांवरच्या गेमांमधला नेहमीचा दोष आहे. उपाय साधा, पण मेहनतीचा : सलग आलापाऐवजी रागाचे वीस-तीस छोटे वाक्यांश वेगवेगळे मुद्रित करायचे, कोणत्या न्यासानंतर कोणता वाक्यांश चालेल याचे नियम लिहायचे, मध्ये शांतता सोडायची. वादी-संवादी आणि न्यासाचे स्वर पाठ केलेला विद्यार्थी हे नियम लिहायला संगणक अभियंत्यापेक्षा जास्त लायक आहे. मात्र त्याला हे कुणी सांगितलेले नसते.

खरे दुखणे तिथे आहे. मध्यमाचा शास्त्राचा पेपर बंदिशीचे स्वरलेखन, तालाच्या लयकारीची लिपी, रागांची तुलना आणि संगीतकारांची चरित्रे विचारतो. यातले काहीही निरुपयोगी नाही. पण ‘हे वापरून काहीतरी बांध’ असा प्रश्न विद्यार्थ्यासमोर येतच नाही. पाठ केले, लिहिले, गुण मिळाले, एवढ्यावर भागते. लातूर पॅटर्नच्या मुलखात ही सवय संगीतालाही लागली, यात नवल कसले! भातखंड्यांनी मराठीत ‘हिंदुस्तानी संगीत पद्धती’ लिहून दहा थाट मांडले, ते विखुरलेल्या रागांची व्यवस्था लावून ते शिकवता यावेत म्हणून. त्या कपाटातले सामान काढून नवे काही उभारायचे काम पुढच्यांचे होते.

राज्याने २०२५मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी धोरण जाहीर केले आहे. त्याचा ओघ मुंबई-पुण्यापुरता राहील ही भीती रास्त आहे. पण या कामाला स्टुडिओ लागतोच असे नाही. एफमॉड आणि वाइज छोट्या प्रकल्पांना फुकट वापरता येतात. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आणि संगणकशास्त्राचे संकुल एकाच आवारात आहेत. एका सत्रात दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांच्या जोड्या लावाव्यात आणि दहा मिनिटांचा एक गेम करायला सांगावे. अट एकच : संगीत बंद केले तर खेळ अवघड व्हायला हवा. म्हणजे ताल ऐकून उडी, सम साधून वार, आधारस्वर बदलला की वाट चुकल्याची खूण. मुरुडच्या पोरांनी संगीत बंद ठेवणे हा त्यांचा अरसिकपणा नाही. आजच्या संगीताला खेळात काही कामच दिलेले नाही, हा त्यांचा रोखठोक अभिप्राय आहे. संगीतावाचून पुढे जाताच येत नाही असा गेम हातात पडला, की तीच पोरे आपणहून इअरफोनचा आवाज वाढवतील.