रकान्यातला खून

परदेशातल्या रहस्यकथा बहुतेक तमाशाच्या पडद्यासारख्या. मागं पिरॅमिड रंगवा नाहीतर बर्फ, पुढं तोच खून, तोच हुशार साहेब. पडदा बदलला तरी गोष्टीचं काय बिघडत नाही.

जेम्स मॅक्ल्युअरची ‘द स्टीम पिग’ (१९७१) तसली नाही. वर्णभेदाची दक्षिण आफ्रिका. सायकलच्या स्पोकनं एका गोऱ्या पोरीचा खून. तपासाला गोरा क्रेमर आणि झुलू झोंडी. खणत जावं तर कळतं, पोरीचं घराणं आधी गोरं होतं, सरकारनं ‘कलर्ड’ ठरवलं. १९५० च्या नोंदणी कायद्यानं प्रत्येकाला वंशाच्या रकान्यात घातलेलं. घर, शाळा, लग्न, सगळं त्या रकान्यावर. तिनं लपवलेल्या त्या रकान्यावरच साऱ्या गुन्ह्याचा डोलारा. ही गोष्ट दुसरीकडं हलवून बघा, खुनाला कारणच उरत नाही. म्हणून ती मोठी.

पण एक सलतं. गोरेपण गेलं म्हणून वाचक हळहळतो. जे जन्मापासूनच त्या रकान्यात, त्यांच्यासाठी कोण हळहळणार?

तो कायदा १९९१ साली गेला. रकाना म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तेव्हा आपल्या वस्तीतला खून लिहाल तर कुणी केला एवढ्यावर थांबू नका. कशाच्या जोरावर केला, तेही लिहा.