डिजिटल अधिकार, स्त्रीसमता आणि राज्यघटना : एक स्त्रीवादी चिकित्सा

शिरूर व दौंड तालुक्यांतील ग्रामपंचायतींत, राज्यात सर्वत्र आहेत त्याप्रमाणे, २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. ७३ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) दिलेला एक तृतीयांश वाटा महाराष्ट्राने वाढविला. १०६ व्या दुरुस्तीने (२०२३) लोकसभा व विधानसभांबाबत तोच मार्ग धरला. अंमल मात्र जनगणना व मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतरचा ठरविला. घटनात्मक सुधारणेची ही सारी भाषा जागांची आहे. ज्या साधनातून आज सामान्य स्त्रीचा शासनाशी संबंध येतो, त्या मोबाइलविषयी ती मौन बाळगते.

डिजिटल अधिकार आपल्याकडे आले ते न्यायालयीन अन्वयार्थातून. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. त्यांपैकी एकीने तर मजकुराला केवळ पसंती दर्शविली होती. पुढे २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द ठरविले. निकालाचा मुख्य युक्तिवाद अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आहे, आणि तो मोलाचाच आहे. परंतु समतेच्या अंगाने पाहता केरळ उच्च न्यायालयाचा २०१९ चा फहीमा शिरीन निकाल अधिक पुढे जातो. मुलींच्या वसतिगृहात सायंकाळी सहा ते रात्री दहा मोबाइलबंदी होती. इंटरनेटचा वापर शिक्षणाच्या व खासगीपणाच्या अधिकाराचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. शिस्तीच्या नावाखालील पहारा येथे प्रथमच घटनेच्या कसोटीला लागला, असे म्हणता येईल.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३.३ टक्के, तर पुरुष ५७.१ टक्के होते. या पार्श्वभूमीवर ‘लाडकी बहीण’ योजनेकडे पाहावे. २०२४ मध्ये दरमहा १,५०० रुपये थेट स्त्रीच्या खात्यात देण्याचे धोरण आले, ते स्वागतार्हच. परंतु २०२५ च्या ई-केवायसीत तिच्या आधार क्रमांकासोबत पतीचा किंवा पित्याचा आधार क्रमांक मागितला गेला. विधवा व घटस्फोटित स्त्रियांसाठी नंतर वेगळी सोय करावी लागली. रांजणगाव वा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत स्वतः कमावणारी पात्र स्त्रीही शासनाच्या संगणकावर कोणाची तरी पत्नी वा कन्या म्हणूनच सिद्ध होते.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने, स्त्री-पुरुष कोणीही असो, व्यक्तीसाठी ‘ती’ हे सर्वनाम योजले, याचे पुष्कळ कौतुक झाले. त्याच कायद्याच्या सातव्या कलमाने मात्र अनुदान व लाभ देताना शासनाला, काही अटींवर, नव्याने संमती न घेता तिची माहिती वापरण्याची मुभा दिली आहे.