मगरीचे तोंड आणि कड्याचे टोक

उरणच्या बाजारपेठेत एका सराफाकडे, मोडीत आलेल्या चांदीच्या डब्यात, मगरमुखी कड्यांची एक जोडी पाहायला मिळाली. जुन्या दागिन्यांवर लिहिणारे आपण लोक अशा वेळी लगेच मगरीचा अर्थ लावू लागतो. मकर हे गंगेचे वाहन, वरुणाचे वाहन, कामदेवाच्या ध्वजावरचे चिन्ह. हे सारे खरेच. पण मगर कड्याच्या टोकालाच का, मध्यावर का नाही, हे त्यातून कळत नाही.

त्यासाठी कडे हातात घालून पाहावे लागते. उघड्या तोंडाचे कडे मनगटात चढवायचे तर दोन्ही टोके धरून किंचित फाकवावी लागतात. टोक नुसते कापून सोडले तर ते लुगड्यात अडकते, कातडीला ओरखडते. तिथे जाडी हवी, गोलाई हवी, बोटांना पकड हवी. मानेपुढे डोके फुगते ते नेमके असेच. ब्रिटिश म्युझियममध्ये ऑक्सस खजिन्यातले सोन्याचे कडे आहे, इ. स. पू. पाचव्या-चौथ्या शतकातले, इराणी घडणीचे. त्याच्या टोकांवर सिंह आणि गरुड यांच्या संकरातला काल्पनिक प्राणी समोरासमोर बसला आहे. तिथे ना गंगा, ना वरुण. पण जनावर टोकालाच आहे. आधी सोनाराची अडचण, मग प्राणी, आणि पुराणातला अर्थ त्याच्या मागून, असा क्रम मी लावतो.

उलट बाजू पाहायची तर उरण तालुक्यातच असलेल्या घारापुरीला जावे. सहाव्या शतकातल्या त्या लेण्यातील अर्धनारीश्वराच्या मागच्या उजव्या हातात नाग आहे, डाव्या हातात आरसा. महेशमूर्तीच्या भैरवमुखासमोरही नागच. पाथरवटाला टोकाची अडचण नव्हती. त्याने नाग घेतला तो केवळ अर्थासाठी. म्हणून तो दागिना वाटत नाही, जिवंत जनावर वाटते. दंडावरच्या नागोत्रीत मात्र वेटोळे हीच दागिन्याची पकड असते.

नावांवर फार विसंबू नये. मोरणीत मोर शोधून सापडायचा नाही. गोखरू नावात गाईचे खूर ऐकू आले तरी दागिना दिसतो तो सराट्याच्या काटेरी फळासारखा. पायाच्या बोटांतली मासोळी खरोखर माशाच्या आकाराची. पण तिला कोळ्यांचा दागिना ठरवण्याची घाई उरणसारख्या बंदराच्या गावी फार होते. समुद्र कधी न पाहिलेल्या देशावरच्या नवऱ्याही मासोळ्या घालीत आल्या आहेत. नथीवरचा मोर माझ्या म्हणण्यात बसत नाही, हे मान्य. तिथे तो शोभेपुरताच आहे.

दागिन्यांवरच्या पुस्तकांत कड्याचे छायाचित्र हमखास समोरून असते. उरणच्या जोडीची गंमत आतल्या बाजूला होती. बाहेरचे डोळे, दात, खवले ठसठशीत. आतून जबडे झिजून गुळगुळीत. एका कड्यात मगरीचा उजवा कान पार सपाट झाला होता, बहुधा शेजारच्या बांगड्यांवर घासून. ती कोणत्या हातात घालायची, हे त्यावरून सांगता आले असते.

सराफाने जोडी काट्यावर ठेवली, वजन सांगितले, घट किती धरावी लागेल तेही सांगितले. तोंडांचा हिशेब वेगळा नव्हता. मी फोटो काढू का, असे विचारले. ‘‘काढा, पण लवकर. दुपारी आटणीला जातील,’’ तो म्हणाला.